चोवीसशे कुलचे

२१ ऑगस्ट १९४८ रोजी, शनिवारी, हैदराबादच्या कोठी बाजारातले बिल्ले-पट्ट्यांचे व्यापारी दत्तोबा पौळ यांनी हमालीसकट एक हजार सहाशे छप्पन्न रुपये आठ आणे हाली मोजून चोवीसशे झेंडे विकत घेतले. हाली म्हणजे हैदराबाद संस्थानचा स्वतःचा रुपया. झेंडेही संस्थानचेच होते. पिवळं धमक कापड, वारभर रुंद आणि त्याहून चार बोटं लांब, मधे पांढरा गोल. मोठ्या इमारतींवर जे झेंडे लागत त्यांच्यावर अक्षरं असत. हे साधे, सणासुदीला कचेऱ्यांच्या सज्ज्यांवर टांगायचे, नुसत्या गोलाचे.

तो गोल म्हणजे कुलचा, खमिराची गोल रोटी. आसफजाही घराण्याच्या मूळपुरुषाला एका अवलियानं कुलचे खाऊ घातले आणि जितके खाल्लेस तितक्या पिढ्या राज्य करशील म्हणाला, म्हणून झेंड्यावर कुलचा आला, ही गोष्ट हैदराबादेत लहान मुलालाही ठाऊक होती. दत्तोबांनाही होती. पण त्यांना झेंड्यात राज्य कधी दिसलंच नाही. त्यांना कापड दिसे. विणकर कुठला, रंग पक्का की कच्चा आणि खरेदीचा भाव काय, एवढं बघून ते झेंड्याची घडी घालत.

हा माल ज्या कंत्राटदारानं विकला तो अकरा आण्याला एक या भावानं, म्हणजे निम्म्या किमतीत, द्यायला तयार होता आणि भलताच घाईत होता. त्याच्या घरी कुणीतरी आजारी असावं, असं दत्तोबांना वाटलं. त्यांनी तब्येतीची चौकशीही केली. महिना पुरा व्हायच्या आत पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, आणि ती घाई कसली होती ते कळलं. त्या दिवसांत लोकांवर काय काय गुदरलं ते हैदराबादकरांना सांगायला नको. त्यात दत्तोबांच्या चोवीसशे झेंड्यांबद्दल हळहळायला कुणाला सवड नव्हती, आणि त्यांनीही ती मागितली नाही. दुकानाच्या माळ्यावरून झेंड्यांची गाठोडी गुपचूप उचलून बरकतपुऱ्यातल्या घरी आणली आणि आतल्या खोलीत रचली. थोडे दिवस राहू दे, असं सावित्रीबाईंना म्हणाले. हे थोडे दिवस आठ वर्षं चालले.

माल फेकून का दिला नाही, किंवा मिळेल त्या भावात का फुंकून टाकला नाही, असं कुणी विचारलं तर तो दत्तोबांना ओळखत नाही असं समजावं. वसमतजवळच्या खेड्यातून ते सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर हैदराबादेत आले. घरची जमीन भावांच्या वाट्याला पुरत नव्हती. चुलत्यानं दुकानात बसवताना एकच गोष्ट शिकवली: खरेदीच्या खाली विकायचं नाही. चुलता गेला, दुकान दत्तोबांचं झालं, आणि ते वाक्य त्यांच्या अंगात असं मुरलं की घरातल्या मोडक्या खुर्चीचेसुद्धा खरेदीहून कमी देतो म्हणून त्यांनी भंगारवाल्याला दोनदा परत पाठवलं होतं. अकरा आणे म्हणजे अकरा आणे. दहा आणे अकरा पैलाही, म्हणजे एक पै कमी घेऊनही, ते झेंडा देणार नव्हते. अर्थात त्या भावातही कुणी मागायला आलेलं नव्हतं.

सावित्रीबाईंनी सुरुवातीला एक साधा उपाय सुचवला होता. पांढरा गोल उसवून टाकावा, राहील ते पिवळं कापड विकावं. त्या एका झेंड्याला कात्री लावून बसल्या आणि तेव्हा कळलं की गोल वरून शिवलेला नाही. पिवळं कापड गोल कापून पांढरा तुकडा आत बसवलेला आहे. गोल काढला की हाताशी उरतं ते डोकं जाईल एवढं भोक. त्यांनी तो झेंडा नवऱ्याच्या गळ्यात घालून पाहिला आणि उपाय मागे घेतला.

मग घरातच जेवढं वापरता येईल तेवढं वापरलं. उशांचे अभ्रे पिवळे, मधे गोल. खिडकीचे पडदे पिवळे, मधे गोल. मुलाची, अनंताची, शाळेची पिशवी तीच आणि देवघराचा पडदाही तोच. बरकतपुऱ्यात पाहुणा आला की म्हणे, तुमच्याकडे एका मापाचं सगळं फार छान आहे. एवढं करून शंभर झेंडे संपले. तेवीसशे राहिले.

१९५६ साली अनंत तेवीस वर्षांचा झाला. कोठीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात हिशेब लिहीत होता, पगार बरा होता. चैत्रात त्याच्यासाठी एकनाथराव कदमांच्या शांताचं स्थळ आलं. एकनाथराव एका सरकारी खात्यात दफ्तरदार होते, म्हणजे जुने कागद सांभाळणारे. मुलगी मॅट्रिक झालेली, शांत, आणि अनंताला ती पसंत होती हे त्यानं तिसऱ्यांदा चहा सांडला तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं. पत्रिका जुळली. देण्याघेण्याचं ठरलं. मग एकनाथराव म्हणाले, घर बघून घेऊ.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चूल, देव, दत्तोबा, सावित्रीबाई आणि अनंत. आतल्या खोलीत गाठोडी. एकनाथराव दारातून आत वाकले. छतापर्यंत पिवळं रचलेलं होतं. बसायला जागा नव्हती म्हणून दत्तोबांनी त्यांना दाराजवळच्या एका गाठोड्यावर बसवलं.

"हे काय आहे?" एकनाथरावांनी विचारलं.

"माल आहे," दत्तोबा म्हणाले.

"आणि नवराबायको कुठं राहणार?"

दत्तोबांनी मालाकडे पाहिलं. जसं काही मालानंच थोडं सरकून घ्यावं.

एकनाथराव सरळ माणूस. ते म्हणाले, "दत्तोबा, मुलगी द्यायला माझी ना नाही. पण ती गाठोड्यांवर संसार करणार नाही. एक नोव्हेंबरला राज्य वाटलं जाणार. मराठवाडा मुंबईकडे जातोय, माझं नाव औरंगाबादच्या यादीत आहे. त्याच्या आत खोली रिकामी करा, सुपारी फोडू. नाही तर मी तिकडे गेल्यावर तिकडचं बघेन."

ते गेल्यावर सावित्रीबाई एवढंच म्हणाल्या, की त्यांचं काही चुकलं नाही. त्या दिवसापासून अनंत घरात वडिलांशी बोलेनासा झाला. भांडण नव्हतं. तो फक्त जेवताना आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसू लागला.

दत्तोबांनी मात्र त्या वर्षाची हवा ओळखली. राज्यपुनर्रचनेची चर्चा चालली होती. हैदराबादचे तीन तुकडे व्हायचे होते, मराठी मुंबईत, कानडी म्हैसूरला, तेलुगू आंध्राला. गल्लोगल्ली मंडळं, समित्या, संघ निघाले होते. आणि मंडळ निघालं की त्याला आधी अध्यक्ष लागतो आणि मग झेंडा. झेंडा लागला की चिन्ह लागतं. आजवर आपण चिन्ह असलेला माल विकायला बघत होतो हीच चूक, असं दत्तोबांना वाटलं. कुलच्यावर दुसरं चिन्ह बसवलं की संपलं. अट एकच: ते गोल हवं आणि कुलच्याहून दोन बोटं मोठं हवं.

दत्तोबांच्या दुकानाला लागून गफूरसाहेबांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांच्याकडे मरून रंगाच्या कापडाचा एक तागा पडून होता. दोघांचं ठरलं. गफूरसाहेब म्हणाले, "सिलाई मैं करतूं. मगर दत्तोबा, ऊपर कुछ भी चिपकाओ, नीचे तो कुलचाच रहेंगा."

पहिलं गिऱ्हाईक हिम्मतराव मोरे. गावाकडच्या शेतकऱ्यांचं शहरातलं मंडळ त्यांनी काढलं होतं. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. त्यांना झेंड्यावर बैल पाहिजे होता.

"शेतकऱ्याच्या झेंड्यावर बैल नसला तर काय तुमचं शिवणयंत्र काढायचं?" ते म्हणाले.

दत्तोबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला. मग शांतपणे म्हणाले, "काढतो की बैल. पण त्याचं तोंड कुणीकडे करू तेवढं सांगा. काठीकडे केलं तर तो काठीला बांधलेला दिसेल. बाहेर केलं तर तुमची मिरवणूक पुढं चाललीय आणि बैल मागं पळतोय, असं होईल. झेंड्याच्या एका बाजूनं बरोबर काढला तर दुसऱ्या बाजूनं उलटा. आणि वारा पडला की झोपलाच."

हिम्मतराव विचारात पडले. शेतीत त्यांना बैलाच्या एवढ्या अडचणी कधी आल्या नव्हत्या.

"चाक घ्या," दत्तोबा म्हणाले. "गाडीचं चाक. त्याला तोंड नाही, शेपूट नाही. इकडून बघा, तिकडून बघा, चाकच."

हिम्मतरावांनी साठ झेंडे सांगितले. जाताना बाहेर उभ्या असलेल्या आपल्या माणसांना म्हणाले, बैल काढायचा नसतो, बैलाला तोंड असतं. त्या माणसांनी माना डोलावल्या.

दत्तोबांना वाट सापडली. काचीगुड्याच्या तेलुगू युवक मंडळाला आंब्याच्या पानांचा कलश हवा होता, वर नारळ ठेवलेला. दत्तोबांनी त्यांना मोडक्यातोडक्या तेलुगूत समजावलं की समोरून पाहिलेला कलश कुणीही काढतं, पण आपण पूजेला वाकतो तेव्हा कलश वरून बघतो, आणि वरून तो गोलच असतो. मधे नारळ, भोवती पानं. पोरं शिकलेली होती, त्यांना हा विचार नवा वाटला. त्यांनी साठ नेले. एका तालमीला गदा हवी होती. गदा आडवी काढली तर भोपळ्याच्या देठासारखी दिसते, असं सांगून दत्तोबांनी ती समोरून काढून दिली. समोरून गदा म्हणजे नुसता गोळा. पैलवान म्हणाले, शत्रूला अशीच दिसते, बरोबर आहे. वीस झेंडे.

कुसुमताईंची भजनी मंडळी आली तेव्हा तर दत्तोबांना बोलावंच लागलं नाही. त्यांना टाळ पाहिजे होता. इतकी समजूतदार मंडळी आपल्या दुकानात यापूर्वी आली नव्हती, असं त्यांनी घरी सांगितलं. चाळीस झेंडे गेले.

एकशे ऐंशी झेंडे चौदा आण्यांनी खपले. अजून पुष्कळ उरले होते, पण गाठोड्यांच्या ढिगाला एक खळगा पडला आणि अनंत एकदा भाजीला मीठ कमी आहे असं वडिलांना म्हणाला. दत्तोबांनी ते शुभचिन्ह मानलं. दसऱ्यापर्यंत वीसेक मंडळं गाठायची, असा त्यांचा बेत होता.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. चाक, कलश, गदा आणि टाळ, सगळी एकाच ताग्यातून कापलेली, एकाच मापाची होती. दुकानात हातात धरून पाहिली तर वेगळी. वीस पावलांवरून पाहिलं तर पिवळ्यावर मरून गोल, बस.

भाद्रपदातल्या एका रविवारी हिम्मतरावांच्या मंडळाची मिरवणूक काचीगुड्याहून कोठीकडे निघाली. त्याच दिवशी युवक मंडळाची सभा होती, त्यांचीही मिरवणूक निघाली. तालमीच्या उद्घाटनाला पैलवान निघाले. कुसुमताईंची मंडळी एका देवळात भजनाला निघाली. कुणी कुणाच्या विरुद्ध नव्हतं, कुणाला कुणाची खबरही नव्हती. कोठीच्या चौकात एक मालमोटार आडवी बंद पडली होती. पोलिसानं चारही घोळके थांबवले. अर्धा तास गर्दी एकमेकांत मिसळली, लोक पाणी प्यायले, ओळखी निघाल्या, गावं विचारली गेली. मोटार हलली. पोलिसानं शिट्टी मारली. प्रत्येकानं मान वर केली, जवळचा पिवळा झेंडा पाहिला आणि त्याच्यामागं चालू लागला.

पुढचं दत्तोबांना तुकड्यातुकड्यांनी समजलं. हिम्मतरावांची निम्मी माणसं युवक मंडळाच्या सभेत जाऊन बसली. भाषणं तेलुगूत होती. एवढी विद्वत्ता आपल्याला कळायची नाही असं समजून त्यांनी प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवल्या, आणि शेवटी पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, पोटभर खाल्ला. युवक मंडळाची पोरं पैलवानांच्या मागे तालमीत पोचली, तिथं त्यांना नाव विचारून लंगोट देण्यात आले. आठ पैलवान भजनाला बसले आणि, कुसुमताईंच्या म्हणण्याप्रमाणे, फार मनापासून गायले. खुद्द हिम्मतराव सगळ्यांच्या पुढं होते. चालता चालता त्यांनी घोषणा दिली आणि मागून उत्तर बायकांच्या आवाजात आलं, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

पोलिसांनी त्या दिवशी ही सगळी एकच संघटना आहे अशी नोंद केली, आणि एका संघटनेनं चार परवाने का काढले असा खुलासा चौघांकडून मागवला.

सोमवारी सकाळी चौघांनीही झेंडे परत आणले. हिम्मतराव पायरीवरूनच बोलले. "आमची माणसं त्यांच्या सभेत दोन तास टाळ्या वाजवत बसली, दत्तोबा. आणि ठराव हात वर करून पास करून आली. कसला ठराव, हे एकालाही सांगता येईना."

"भात कसा होता?" दत्तोबांनी विचारलं. त्यांना बोलणं वळवायचं होतं.

"भात चांगला होता. झेंडे परत घ्या."

दत्तोबांनी परत घेतले. पैसेही दिले. गफूरसाहेब यंत्रावरून मान वर न करता म्हणाले, "बोला था मैं. सब एकीच दस्तरख्वान के लोगां हैं. उनको नक्को बोले तो भी मिलके खालेते."

संध्याकाळी एकशे ऐंशी झेंडे सायकलरिक्षातून घरी आले. ढिगाचा खळगा भरला, आणि चिन्हांची जाडी धरून ढीग दाराकडे दोन हात पुढं सरला. अनंतानं माल उतरवायला हात लावला नाही. सावित्रीबाईंनी लावला, आणि दत्तोबांना ते जास्त लागलं.

हैदराबादेत मराठी मंडळींचं वर्तुळ काही मोठं नव्हतं. आठवड्याच्या आत ही गोष्ट एकनाथरावांच्या कचेरीत तिखटमीठ लावून पोचली. पितृपक्ष संपला आणि घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते परस्पर बरकतपुऱ्याला आले. काखेत कचेरीच्या कागदांचा बस्ता होता. बस्ता म्हणजे कागद चौकोनी कापडात बांधून केलेलं गाठोडं. त्या कापडाला ते लोक रुमाल म्हणत. एकनाथरावांचा चेहरा पाहून सावित्रीबाईंनी ओळखलं. त्यांनी अनंताला पाणी आणायला पाठवलं. पाणी घरात होतं.

एकनाथराव त्याच गाठोड्यावर बसले. बस्ता मांडीवर घेतला. ते भांडायला आलेले नव्हते, त्यामुळे त्यांना बोलणं जड जात होतं. आधी त्यांनी कचेरीचं रडगाणं लावलं. सगळं दफ्तर तीन राज्यांत वाटायचं होतं. पन्नास-साठ वर्षांचे कागद, कपाटं उघडली तर रुमाल हातात धरले की फाटतात. नवीन रुमालांची मागणी पाठवली तर बाजारात एवढं एका मापाचं कापड नाही. कुठला बस्ता कुठल्या राज्याचा ते रुमालावर लिहावं तर खाकी कापडावर शाई दिसत नाही. चिठ्ठ्या चिकटवल्या तर शिपाई उचलतात आणि चिठ्ठी हातात येते. कालच बीदरचे कागद औरंगाबादच्या ढिगात सापडले. एक नोव्हेंबर तोंडावर आला होता.

मग ते थांबले. म्हणाले, "दत्तोबा, औरंगाबादला एक स्थळ सांगून आलंय. मुलगा ओव्हरसीअर आहे. मी तुम्हाला आधी सांगायला आलो, कुणाकडून कळू नये."

एकनाथराव उठायला लागले. उठताना त्यांनी बस्ता उचलला आणि जुन्या रुमालाची गाठ हातात राहून खालचं कापड फाटलं. कागद फरशीभर पसरले.

सावित्रीबाई खाली बसल्या, कागद गोळा केले, सारखे करून दिले. मग हात मागे करून गाठोड्यातला एक झेंडा ओढला, पाहुण्यांपुढे पसरला, म्हणाल्या, "यात बांधून न्या. आमच्याकडे याला तोटा नाही."

एकनाथरावांनी पंचवीस वर्षं बस्ते बांधले होते. त्यांचे हात आपोआप चालले. कागद मधोमध ठेवून झेंड्याची समोरासमोरची दोन टोकं एकावर एक दुमडली, उरलेली दोन बाजूंनी आणून गाठ मारली, आणि सवयीनं बस्ता उलटा करून पाठ वर ठेवली. पाठीवर, बरोबर मध्यावर, पांढरा गोल आला होता.

त्यांनी त्याच्यावर बोट फिरवून पाहिलं. मग खिशातलं फाउंटन पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि कुलच्यावर ठळक अक्षरात लिहिलं: मुंबई. खाली खातं, खाली साल. शाई फुटली नाही. बस्ता त्यांनी हातभर लांब धरला, मग दारात जाऊन धरला.

"हे किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"तेवीसशे," सावित्रीबाईच म्हणाल्या. "एकशे ऐंशींवर चाकं न् टाळ आहेत."

"तेही चालतील. शिपायांना वाचता येत नाही, चाक तर ओळखता येईल. चाकाचे मुंबईला, कलशाचे आंध्राला, टाळाचे म्हैसूरला." ते पुन्हा खाली बसले. आता ते वधूपिता राहिले नव्हते, पुरते दफ्तरदार झाले होते. "मंजूर भाव आहे माझ्याकडे. रुमालाला दहा आणे. उद्या माणूस पाठवतो."

दत्तोबांचा चेहरा खुलता खुलता थांबला.

"अकरा आणे खरेदी आहे," ते म्हणाले.

अनंत पाणी घेऊन दारात आला होता. तो तिथंच उभा राहिला. एकनाथरावांना वाटलं आपण चुकून ऐकलं. त्यांनी समजावलं की दहा आणे सरकारी मंजुरीचा भाव आहे, त्यात एक पै वाढवायला वरची परवानगी लागेल आणि ती येईपर्यंत वरचे लोकच बदललेले असतील. दत्तोबा मान खाली घालून ऐकत होते. त्यांना सगळं समजत होतं. खोली समजत होती, मुलगा समजत होता. पण चुलत्याच्या गादीवर बसून खरेदीच्या खाली कधी गेलो नाही, आज कसा जाऊ, एवढंच ते पुटपुटले.

सावित्रीबाईंचा आवाज चढला नाही. "अहो, आठ वर्षं माझ्या खोलीचं भाडं कुठल्या भावात धरलंत? ते खरेदीत लावलंत का?"

मग एकनाथरावांनी, नुसतं दफ्तरदाराच्या सवयीनं, विचारलं, "अकरा आणे कधीची खरेदी?"

"अठ्ठेचाळीसची. ऑगस्ट."

"म्हणजे अकरा आणे हाली की कलदार?"

दत्तोबांनी मान वर केली. कलदार म्हणजे हिंदुस्थान सरकारचा रुपया. सात हाली बरोबर सहा कलदार. हा हिशेब ते दुकानात कितीतरी वर्षं बोलता बोलता करत आले होते. पण हे अकरा आणे त्यांच्या मनात आठ वर्षं दुखऱ्या दातासारखे बसले होते आणि दुखऱ्या दाताला कुणी हात लावत नाही. त्यांनी आता तो लावला. ओठ हलले. बोटं मोजली गेली.

"नऊ आणे पाच पै," ते हळूच म्हणाले.

"मग दहा आण्यांत?"

"सात पै सुटतात." ते एकदम ताठ बसले. "झेंड्यामागं सात पै. घेऊन जा."

हमाली, व्याज, गफूरसाहेबांची शिलाई आणि सावित्रीबाईंची खोली धरली नाही, तर त्या व्यवहारात दत्तोबांना चौऱ्याऐंशी रुपयांच्या आसपास नफा झाला. त्यांनी ती चारही धरली नाहीत. चांगला व्यवहार झाला असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत.

अनंतानं पाण्याचा तांब्या एकनाथरावांपुढे ठेवला आणि त्यांच्या पाया पडला. पाया पडायचं अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. एकनाथराव म्हणाले, ओव्हरसीअरला पत्र लिहावं लागेल.

दुसऱ्या दिवशी हातगाड्या आल्या. गाठोडी बाहेर निघाली तशी खोली मागं मागं सरकत गेली आणि शेवटच्या भिंतीला एक खिडकी निघाली. ती आहे हे तिघंही विसरले होते. सावित्रीबाईंनी ती उघडली तेव्हा पलीकडच्या घरातल्या बाईनं, तुम्ही इथं नवीन राहायला आलात का, असं विचारलं. बिजागऱ्यांना तेल घातलं, भिंतींना चुना दिला. आठ वर्षं झाकलेल्या भिंतीला पिवळसर झाक आली होती, ती दोन हातांतही गेली नाही. मग तशीच ठेवली.

दसऱ्याला सुपारी फुटली. हिम्मतराव बोलावल्याशिवाय आले आणि पंगतीत वाढायला उभे राहिले. गफूरसाहेबांनी नव्या खोलीसाठी दोन उशांचे अभ्रे शिवून आणले, पांढरे, साधे, मधे काही नसलेले.

एकनाथरावांच्या कचेरीत महिनाभर बस्ते बांधणं चाललं. आधी शिपाई हसले, नंतर त्यांना ते आवडलं. शिपाई आपसात आता राज्यांची नावं घेतच नसत. हा टाळाला टाक, तो चाकाला टाक, असं चाले. गदेचे वीस रुमाल कुठल्या राज्याला द्यायचे हे ठरेना, तेव्हा ज्यांच्यावर वाद होता असे कागद एकनाथरावांनी गदेत बांधले. ते कमी पडले म्हणून आणखी तीन साधे रुमाल घेऊन त्यांच्यावर शाईनं गोळा काढला. हे तेवीस बस्ते दोन राज्यांच्या ढिगांमधे, खोलीच्या कोपऱ्यात ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस औरंगाबादचा माल मालगाडीनं गेला. एक नोव्हेंबरला एकनाथराव आणि शांता त्याच्यामागोमाग गेले, आणि मार्गशीर्षात शांता लग्न होऊन पुन्हा हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या पिवळसर भिंतींच्या खोलीत आली.

बिलाचे पैसे दोन हप्त्यांत मिळाले. त्या तेवीस बस्त्यांचं मात्र अडलं. हैदराबादच्या कचेरीनं लिहिलं की हे कागद मुंबई राज्याचे असल्यामुळे रुमालांचा खर्च तिकडे पडतो. मुंबईहून उत्तर आलं की कागद आमच्याकडे पोचलेले नाहीत, पोचल्यावर विचार होईल. दत्तोबांनी दोघांनाही दर वर्षी मार्चमध्ये स्मरणपत्र पाठवलं. तेवीस रुमालांचे, दहा आणे प्रमाणे, चौदा रुपये सहा आणे त्यांना अजून यायचे आहेत.